बॉयलरवर गेलेला डबा

काजवाली मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच ती दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. अवेळी फोन वाजला की हॅलो म्हणण्याआधी तिच्या डोळ्यांसमोरून घरातली सगळी माणसं एकेक करून जाऊन यायची. नवरा हसायचा. म्हणायचा, "लोकांना घाबरायला कारण शोधावं लागतं. तुझ्याकडे कारणं आपण होऊन येतात, रांग लावून."

काजवाली हे नाव तिला जुन्या गावात मिळालं होतं. बाजारातले शिंपी शर्ट शिवून झाले की काजं-बटणांसाठी तिच्याकडे पाठवायचे. शर्ट विरेल पण हिचं काज उसवायचं नाही, असं ते म्हणायचे, आणि ते कानावर आलं की ती दिवसभर खुशीत असायची. नवरा कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. तो कारखाना बंद पडला. मालकाचा दुसरा कारखाना दुसऱ्या राज्यात होता आणि तिथे बॉयलर सांभाळणारा जाणता माणूस हवा होता. लेकीचं लग्न झालेलं, मागे अडकून पडावं असं काही नव्हतं. दोघांनी सामान बांधलं आणि गेली.

नवं गाव तसं वाईट नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, नळाला पाणी होतं, खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. भाषा तेवढी वेगळी. बाजारापुरते शब्द तिने गोळा केले होते, कांदा, मीठ, महाग, नको. त्यापलीकडे कुणी काही विचारलं की ती नुसती हसायची आणि घरी येऊन विचार करत बसायची, की आपण नक्की कशाला हो म्हणून आलो.

पण जेवणाचं काही केल्या जमेना. इथला तांदूळ फुलायचा छान, पण शिजताना घरभर वास म्हणून पसरायचा नाही. मिरची लालभडक, आणि काम नुसतं रंगाचं. आंबट म्हणून जे मिळायचं ते दातांना कळायचं, जिभेला नाही. पाणी इतकं जड की डाळ तासभर उकळली तरी दाण्याचा दाणाच. आणि इथली माणसं प्रत्येक भाजीत साखर घालायची. हात तोच, भांडी तीच, कढई तर तिने मांडीवर ठेवून आणलेली, पण पहिला घास घेतला की दोघं एकमेकांकडे बघायची आणि जेवण उरकायची.

नवऱ्याचा डबा अर्धा परत येऊ लागला. पँट कमरेवर ठरेना, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. त्यात बॉयलरवरची बाकीची माणसं दुपारी गोल करून एकत्र जेवायची आणि हा एकटा पाण्याच्या टाकीमागे बसायचा. झालं असं होतं, की पहिल्याच आठवड्यात याने डबा उघडल्यावर एकाने नाक मुरडून विचारलं होतं, "काय जळतंय रे?" त्या माणसाला सगळे खडूस म्हणायचे, तो सगळ्यांनाच असं बोलायचा. पण नव्या माणसाला ते कुठे माहीत? हा तेव्हापासून टाकीमागे.

एक दिवस तो बॉयलरच्या शिडीवर असताना त्याला भोवळ आली. त्याने संध्याकाळी ती गोष्ट हसत सांगितली. काजवालीला हसू आलं नाही. रात्रभर तिला ती शिडी दिसत राहिली. या माणसाला आपण नीट खायला घालू शकलो नाही तर एक दिवस तो तिथून खाली येईल, हे तिच्या मनाने घेतलं, आणि तिच्या मनाने एकदा घेतलं की घेतलंच.

असं चाललेलं असताना एका सकाळी दूध आणायला म्हणून ती शाळेच्या मैदानाच्या कडेने निघाली होती. दोन दिवस सरी येऊन गेल्या होत्या. गवतात तिला पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं पोरांचे चेंडू. जवळ गेली तर अळंब्या. एक नाही दोन नाही, गोल रिंगण करून उभ्या होत्या, टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर तपकिरी खवले.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. लहानपणी ती आणि तिची मोठी बहीण माळावर अळंब्या काढायला जायच्या. खरं सांगायचं तर काढायची ताई, ही टोपली धरायची आणि साप येतो का ते बघायची. पण त्या रश्श्याची चव तिला या क्षणी जिभेवर जशीच्या तशी आली. दूध राहिलं बाजूला. तिने पिशवी भरली.

नवरा दाढी करत होता. पिशवीत डोकावला आणि तसाच साबण लावलेल्या तोंडाने म्हणाला, "अगं, इथे? या गावात?"

"मैदानात. रिंगणच्या रिंगण."

"नीट बघून आणल्यास ना? कुत्र्याच्या छत्र्या नसतील?"

"मला सांगताय होय?" ती म्हणाली. "माझं अर्धं लहानपण अळंब्या काढण्यात गेलंय."

जन्मभर ज्या बाईने दुधाला सुद्धा तीनदा वास घेतला, ती त्या दिवशी घाबरायची विसरली. पुढे तिला याचंच सगळ्यात नवल वाटायचं.

तिने कांदा परतला, लसूण ठेचला, तिखटाचा हात सोडला. डब्यातलं तिखट संपत आलेलं, जुन्या गावाहून आणलेली पुडी तिने जपून ठेवली होती, ती फोडली. मीठ बघायला तळहातावर थेंब घेऊन चाटला आणि डोळे मिटले. जमलं होतं. नवरा पातेल्याशी घुटमळत होता. "मोठा डबा भर," तो म्हणाला. "आज आमच्या मिस्त्रीलाही देतो. सगळ्यांना देतो. कळू दे जेवण कशाला म्हणतात ते." आणि चक्क गुणगुणत जिना उतरला. ती खिडकीतून बघत राहिली. इथे आल्यापासून तो गुणगुणलेला तिने ऐकला नव्हता.

घरातली कामं उरकून ती काजं करायला बसली. वसाहतीतल्या एका शिंप्याने नुकतेच चार शर्ट दिले होते. उरलेल्या अळंब्या टोपलीत खिडकीशी ठेवल्या होत्या, संध्याकाळी दोघांनी मिळून खायच्या म्हणून. मन भरून आलेलं, ते सांगायला माणूस हवं. दुपार व्हायच्या बेताला तिने ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, ओळख बघू मला काय मिळालंय!"

ताईला दिसायला कमी, तिने फोन नाकाला लावला. "अळंबी? अगं बाई! वारुळाजवळ होती का?"

"नाही गं, मैदानात. गवतात."

"मूळ केवढं निघालं? आपल्याकडची ओढायला गेलं की लांबच लांब मूळ येतं मातीतून, आठवतं ना?"

काजवालीला आठवलं. ताई दोन्ही हातांनी माती उकरायची ते आठवलं. या मात्र हलक्या हाताने निघून आल्या होत्या, खाली नुसता गोल गड्डा.

"आणि देठाला कडं आहे का?" ताईचा आवाज बदलला होता. "उलटी करून दाखव. खालून कशी आहे?"

तिने टोपलीतली सगळ्यात मोठी अळंबी उचलली. सकाळी ती मिटलेली होती, आता छत्रीसारखी उघडली होती. तिने ती उलटी केली. खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक आली होती. शेवाळाची असते तशी. तिने दुसरी उलटी केली. तीही तशीच.

तिने ती फोनपुढे धरली.

"ताई?"

"खाल्लीस?"

"थेंब. मीठ बघायला." ती उठून उभी राहिली. "ताई, ह्यांचा डबा गेलाय."

"मग फोन कर त्याला! माझ्याशी काय बोलत बसलीस? आणि हे बघ, एक अळंबी बरोबर घे. डॉक्टर विचारतात. पळ!"

तिने नवऱ्याला फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. परत लावला. तेव्हा तिला आठवलं की बॉयलरवर फोन न्यायचा नसतो, सगळ्यांचे फोन कपड्यांच्या कपाटात असतात. ते कपाट, त्यातला तो शर्ट आणि त्याच्या खिशात वाजणारा फोन तिला लख्ख दिसला. मग रुमालात एक अळंबी गुंडाळली आणि दार उघडं टाकून पळत सुटली.

कारखाना लांब नव्हता, पण त्या दिवशी रस्ता सरेना. धावता धावता ती एकच हिशेब करत होती. मोठा डबा. मिस्त्रीला देतो म्हणाले. सगळ्यांना देतो म्हणाले. आपल्या नवऱ्याला एकट्याला काही झालं तर आपण मरू. पण परक्या गावात, परक्या बायकांचे नवरे? त्या विचाराच्या पुढे तिचं मन जाईना, तिथेच ठेचकाळायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं.

गेटवरचा वॉचमन खुर्चीत बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की अळंबीला इथल्या भाषेत काय म्हणतात ते तिला माहीत नाही. कांदा, मीठ, महाग, नको. ती म्हणाली, "छत्री. नवरा. छत्री. नको!"

वॉचमनने वर आभाळाकडे बघितलं. तिची समजूत घालत तो काहीतरी म्हणाला, त्यातला पाऊस हा शब्द तिला कळला. पाऊस नाही, बाई, छत्री कशाला, असंच असणार. तिने रुमाल उघडून त्याच्या नाकापुढे धरला. त्याने मान डोलावली, छान आहे म्हणाला. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला.

तो भोंगा ऐकून काजवालीने जे केलं ते तिने जन्मात कधी चारचौघांत केलं नव्हतं. तिने अळंबी तोंडाशी नेली, खाल्ल्यासारखं केलं, दोन्ही हातांनी पोट धरलं, आणि गेटसमोरच्या मातीत आडवी पडली. डोळे मिटून, जीभ बाहेर काढून. मग उठून बसली, आतल्या बाजूला बोट केलं आणि ओरडली, "बॉयलर! बॉयलर!"

वॉचमनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने आतला फोन उचलला, कुणी घेईना. सगळे जेवायला बसलेले. मग खुर्ची लाथाडून तो स्वतः पुढे झाला आणि ती त्याच्या मागे.

बॉयलर घरात उष्मा आणि घरघर. एका बाजूला दाबाचा काटा, पाण्याची पातळी दाखवणारी काच, आणि काचेपुढे स्टुलावर खडूस, हातात आपला वेगळा डबा. दुसऱ्या बाजूला जमिनीवर जुनी ताडपत्री आणि तिच्यावर गोल करून बसलेली माणसं. त्यात तिचा नवरा. टाकीमागे नाही, गोलात, मधोमध. मिस्त्रीचा हात त्याच्या खांद्यावर होता. राख ओढणारे म्हातारे काका बोट फिरवून डब्याचं झाकण पुसत होते. सगळे कशावर तरी हसत होते; ते बघून वॉचमन दारातच थांबला, त्याला वाटलं होतं कुणी आडवं पडलंय.

नवऱ्याला ती दिसली. "अगं, तू इथे कशी?" त्याने डबा उचलून तिला दाखवला. "बघ. धुवायची गरज नाही. काकांनी तर तीनदा घेतलं!"

डबा रिकामा होता. काजवाली त्याच्याजवळ जाऊन खाली बसली आणि आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाली, "अहो, त्या अळंब्या आपल्याकडच्या नव्हत्या. खालून हिरव्या निघाल्या. ताई म्हणते विषारी असतात."

तो हसायचा थांबला नाही, हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. "कोणाला सांगितलंस?"

"वॉचमनला. पण त्याला धड कळलं नाही."

"मग थांब." त्याने तिचं मनगट धरलं. "थांब जरा. काहीच होणार नाही कदाचित. बघ, मला काही होतंय का? आज पहिल्यांदा यांनी मला... अगं, नोकरी जाईल. पोलीस येतील. थोडं थांब."

तिला त्याचं पटलं. हे तिने पुढे कधी नाकारलं नाही, त्या घटकेला तिला ते पटलं होतं. गप्प बसणं सोपं होतं. पण समोर काका झाकण पुसत होते, आणि त्यांच्या बोटाला लागलेला रश्श्याचा शेवटचा थेंब तोंडाकडे चालला होता. तिने झडप घातली आणि त्यांच्या हातातून झाकण हिसकावलं. ते जमिनीवर पडून केवढा आवाज झाला.

मग सगळे बघू लागले, आणि मागे फिरायला जागा राहिली नाही. तिने रुमाल उघडला, अळंबी उलटी करून मिस्त्रीपुढे धरली. मिस्त्रीला बघताक्षणी कळलं. त्याने इथल्या भाषेतला एक शब्द उच्चारला, छोटासाच, आणि ताडपत्रीवरच्या माणसांचे घास हातात राहिले. तो शब्द ती आजही विसरलेली नाही.

मिस्त्री भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. आधी काचेकडे बघितलं, कारण काही झालं तरी चालू बॉयलरपुढून माणूस हलता कामा नये. "हे खाल्लं नाही असं कोण आहे?" त्याने विचारलं. खडूसने स्टुलावरूनच हात वर केला. "मी असलं खात नाही," तो म्हणाला. मग एकदम उठून बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाशी गेला आणि पाठ करून म्हणाला, "जा तुम्ही. मी आहे इथे."

कारखान्याच्या गाडीतून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. गाडीत कुणालाच काही होत नव्हतं. एक जण म्हणाला, मला तर अजून भूक आहे. दोघं हसले. काका म्हणाले, विष असलं तरी चव होती, आणि मिस्त्रीने ते तिच्या नवऱ्याला समजावून सांगितलं, नवऱ्याने तिला. तिला वाटलं, देवा, हे असंच राहू दे, उद्या सगळ्या गावाने मला वेडी म्हणावं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि नशिबाने तिला काजवालीची भाषा थोडी येत होती. अळंबी तिने कागदावर ठेवून नीट बघितली. "तुम्ही ही आणलीत ते फार चांगलं केलं," ती म्हणाली. "मला वाटतं ही हिरवी जात आहे. हिने उलट्या-जुलाब होतात, जोरात होतात, पण माणूस सहसा वाचतो. दुसरी एक जात असते. तिचा त्रास उशिरा सुरू होतो, उद्या-परवा, आणि तोवर आत लिव्हर गेलेलं असतं. टोपलीत सगळ्या एकाच जातीच्या होत्या का?"

काजवालीला ते सांगता येईना. तिने पिशवी भरली होती, बघितलं कुठे होतं?

"मग वाट बघायची," डॉक्टरीण म्हणाली. "आज लवकर उलट्या सुरू झाल्या तर बरं समजा."

म्हणजे आता ती बाकावर बसून काय मागत होती, तर त्या माणसांना उलटी होऊ दे. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत, हात घट्ट धरून, होऊ दे, लवकर होऊ दे. तिच्या स्वतःच्या पोटात पीळ पडत होता. तो थेंबाचा होता की भीतीचा, तिला कळेना. कुणाला सांगायची तिला लाज वाटली.

आधी मिस्त्रीला झाली. मग तिच्या नवऱ्याला. मग एकामागून एक. आतून ते आवाज येऊ लागले तसा तिचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण ते आवाज थांबेनात. नर्सची धावपळ सुरू झाली. सलाईनच्या बाटल्या गेल्या, अजून गेल्या. दारातून तिला नवऱ्याचा पाय दिसला, मोजा अर्धा निघालेला, आणि टाच थरथरत होती. काकांना वेगळ्या खोलीत नेलं. त्यांचं वय झालेलं, त्यात त्यांनी तीनदा घेतलेलं.

दिवस कलला तशी एक थोराड बाई घाईघाईने आली आणि तिच्या शेजारी बसली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. काकांची बायको. काजवाली तिला ओळखत नव्हती, पण नर्स जे बोलली त्यावरून समजली. बाईने तिला काहीतरी विचारलं आणि ती नुसतं "नवरा" म्हणाली. बाईने मान हलवली, तिचा हात हातात घेतला आणि बोलत सुटली. काजवालीला सगळे शब्द कळत नव्हते, पण शिव्या कुठल्याही भाषेत शिव्याच. बाहेरची कुठलीशी बाई, रानातलं काहीतरी शिजवून घालते, हात झडोत तिचे. एवढं तिला कळलं. हात झडोत म्हणताना त्या बाईने तिचाच हात घट्ट दाबला होता.

काजवालीला तो हात सोडवूनही घेता येईना आणि तसाच ठेवताही येईना. शेवटी तिने दुसऱ्या हाताने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी," ती म्हणाली. "ती बाई. मी."

बाईला आधी समजलं नाही. मग समजलं. तिने हात सोडला, तिच्याकडे बघितलं आणि उठून बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं असं काजवालीला वाटलं. त्या संध्याकाळी दोघी त्या एका बाकावर अशाच बसून होत्या, मध्ये सगळं बाक रिकामं. आतून कुणी बाहेर आलं की दोघी एकदम उठायच्या आणि एकदम खाली बसायच्या.

काकांचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र सारखं पिपाणीसारखं वाजत होतं. मग एकदा ते वाजायचं थांबलं आणि काजवालीने डोळे गच्च मिटले. डॉक्टरीण बाहेर आली. आधी त्या बाईशी बोलली. मग हिच्याकडे वळून म्हणाली, "दाब वर आलाय. पाणी मागताहेत. पण रक्त उद्या परत तपासायचं, परवाही. त्याच्याआधी मी काही बोलणार नाही."

बाई आत जाऊन काकांना भेटून आली आणि घरी जाताना काजवालीसमोर थांबली. डॉक्टरीण अजून तिथेच होती, तिला उद्देशून बाई काहीतरी म्हणाली आणि निघून गेली.

"काय म्हणाल्या?" काजवालीने भीत भीत विचारलं.

डॉक्टरीण जरा घुटमळली. "म्हणाल्या, शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय सांगितलं तर जेवण छान होतं. इतकी वर्षं माझ्या हातचं खाताहेत, कधी असं म्हणाले नाहीत. राग येतोय तो याचा."

रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ठीक निघालं. एकेक करत सगळे घरी गेले. नोकरी गेली नाही. मिस्त्रीने वर सांगितलं की बाईने स्वतः धावत येऊन कळवलं, नाहीतर आम्ही आपापल्या घरी जाऊन पडलो असतो. कारखान्यात एक नोटीस लागली, बाहेरचं खाणं वाटून खायचं नाही. तिच्या नवऱ्याला नवं नाव मिळालं, छत्रीवाला. शाळेने मैदान खणून काढलं. एक गोष्ट नवऱ्याने कधी बोलून दाखवली नाही आणि तिनेही कधी काढली नाही: त्याने तिचं मनगट धरून थांब म्हटलं होतं ती.

काजवालीचं मात्र स्वयंपाकघर बंद पडल्यासारखं झालं. ती भात लावायची आणि तासभर त्याच्यापुढे बसून राहायची. मीठ घातलं की बरणीवरचं नाव परत वाचायची. केलेलं आधी स्वतः खायची, मग वाट बघायची, आणि तोवर नवरा ताटावर बसून असायचा. "अगं, नुसतं वरण आहे," तो म्हणायचा. "असू दे," ती म्हणायची. शेवटी तो कँटीनमध्ये जेवू लागला, तिथली ती गोड भाजी. भोंगा झाला की हातातली सुई कापडाऐवजी बोटात जायची. परत जाऊ या, असं ती एकदा म्हणाली. "कुठे?" तो म्हणाला.

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी दार वाजलं. दारात काकांची बायको. कपाळावर आठ्या, हातात पालेभाजीची मोठी जुडी. आपण आपल्या खुशीने आलो नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. ती सरळ आत आली, जुडी ओट्यावर टाकली आणि म्हणाली, "त्यांनी पाठवलं. आंबट. तुम्ही लोक आंबट खाता म्हणे." तिने मुद्दाम सोपे सोपे शब्द वापरले होते.

काजवाली जुडीजवळ जाईना. "कुठली?" तिने विचारलं.

"परसातली. माझ्या."

"नक्की?"

"नक्की."

"खालून बघितली?" असं विचारून ती स्वतःच ओशाळली, पण पान उलटं करून बघितल्याशिवाय तिला राहवेना. खालून पान हिरवंच होतं, पान हिरवंच असतं, तरी तिने दुसरं पान उलटं केलं, मग तिसरं.

बाईने ते बघितलं. तिने जुडीतून एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि चावून चावून गिळलं. मग दुसरं. आंबटपणाने तिचा एक डोळा मिटला. मग ती स्टूल ओढून बसली आणि बोटाने शेगडी दाखवली, की तू शिजव, मी बसले आहे.

काजवालीने पातेलं चढवलं. संध्याकाळी नवरा आला, दारातच वास घेऊन थांबला, आणि हातपाय न धुताच ताटावर बसला. पहिला घास त्याने तोंडात घातला. ती समोर बसली होती, स्वतःचं ताट तसंच ठेवून, त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

"अगं, जेव ना," तो म्हणाला.

"जेवते," ती म्हणाली. "तुमचं होऊ द्या आधी."